आपल्या बालमंडळाचा कार्यक्रम

मुलांनो, तुमच्या मोहल्ल्यात, चाळीत किंवा गावात मुलांचे एखादे मंडळ आहे का? मंडळ म्हणजे ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी एकत्र येणाऱ्या मुलांचा गट. उर्दूत तुम्ही त्याला अंजुमन किंवा बज्म म्हणाल. असे मंडळ सुरू करणे सोपे असते. ते टिकवणे अवघड असते.

पहिले चार आठवडे सर्वांना उत्साह असतो. वीस-पंचवीस मुले जमतात. मग हळूहळू संख्या घटू लागते. तीन-चार महिन्यांनी पाहावे, तर आठ-दहाच मुले उरलेली असतात आणि तीही दर वेळी क्रिकेटच खेळत असतात. मंडळ मोडले असे कोणी म्हणत नाही. पण ते मोडलेलेच असते.

जी मुले यायची थांबली, ती कोण होती, याचा कधी विचार केला आहे का? ज्याच्या हाती बॅट क्वचितच येत होती, तो एक. चेंडू गटारात गेला की जो लहान मुलगा तो काढायला धावत होता, तो दुसरा. एकाचा पाय अधू होता. एकाला संध्याकाळी वडिलांच्या दुकानात बसावे लागत होते. काही मुली दोन-तीनदा आल्या, कडेला उभ्या राहिल्या आणि परत गेल्या. यांपैकी कोणीही भांडून गेले नाही. त्यांना तेथे करण्यासारखे काही नव्हते, एवढेच.

म्हणून मंडळाच्या कार्यक्रमात विविधता हवी. कंटाळा येऊ नये हे तिचे एक कारण झाले. परंतु खरे कारण वेगळे आहे. प्रत्येक मूल एकाच गोष्टीत हुशार नसते. कोणी धावण्यात पुढे असतो, कोणाचा हात चित्रात चालतो, कोणी गोष्ट रंगवून सांगतो, तर कोणी हिशेबात चोख असतो. कार्यक्रम असा आखावा, की महिन्यातून एकदा तरी प्रत्येकाला वाटेल, ‘आज माझी पाळी होती.’ हे कसे साधायचे, ते या पाठात पाहू.

ही कल्पना नवी नाही. रॉबर्ट बेडन-पॉवेल नावाचे एक इंग्रज सेनाधिकारी होते. तरुणपणी ते हिंदुस्थानातही नोकरीस होते. त्यांनी १९०७ सालच्या ऑगस्ट महिन्यात इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळील ब्राउनसी नावाच्या लहान बेटावर वीस मुलांचे शिबिर भरवले. त्यांतील काही मुले श्रीमंतांच्या शाळांतील होती, तर काही साध्या, कष्टकरी घरांतील होती. बेडन-पॉवेल यांनी या मुलांच्या पाच-पाच जणांच्या चार तुकड्या केल्या. प्रत्येक तुकडीला एका पशूचे किंवा पक्ष्याचे नाव दिले आणि एकेक नायक दिला.

या शिबिराची आखणी पाहण्यासारखी आहे. प्रत्येक दिवसाचा विषय वेगळा होता. एका दिवशी निरीक्षण, दुसऱ्या दिवशी रानातील प्राण्यांची व झाडांची ओळख, एका दिवशी बुडणाऱ्याला किंवा जखमी माणसाला वाचवण्याची रीत, तर शेवटी खेळ आणि स्पर्धा. रोज रात्री शेकोटीभोवती गोष्टी होत. श्रीमंत मुलगा आणि गरीब मुलगा एकाच तुकडीत काम करत होते. या शिबिरातूनच पुढे बालवीर चळवळ, म्हणजे स्काउट चळवळ वाढली.

ही चळवळ प्रथम मुलांसाठीच होती. पण १९०९ साली लंडनमध्ये स्काउटांचा मोठा मेळावा भरला, तेव्हा काही मुलीही तेथे आपणहून हजर झाल्या. आम्हांलाही यात भाग घ्यायचा आहे, असे त्यांचे म्हणणे होते. पुढच्याच वर्षी, १९१० साली, मुलींसाठी गाइड संघटना निघाली. आपल्या देशात ७ नोव्हेंबर १९५० रोजी ‘भारत स्काउट्स आणि गाइड्स’ ही संस्था स्थापन झाली. तिच्यातील लहान मुलींच्या गटाला एक गोड नाव आहे, बुलबुल. हा शब्द तुम्हांला समजावून सांगायला नकोच.

महाराष्ट्रात १९४१ साली सुरू झालेल्या राष्ट्र सेवा दलानेही मुलांना असेच नाना प्रकारचे कार्यक्रम दिले. सेवा दलाच्या शाखेत खेळ होते, गाणी होती, श्रमदान होते आणि नाटके व लोकगीते सादर करणारे कलापथकही होते. निळू फुले आणि दादा कोंडके हे प्रसिद्ध नट या कलापथकात काम करूनच पुढे आले. शाखेत केवळ कवायत असती, तर त्यांच्यातील नट दिसला असता का?

आता आपण आपल्या मंडळाकडे वळू. समजा, तुमच्या मंडळात २४ मुले-मुली आहेत. पहिले काम कोणते? पुष्कळ जण म्हणतील, चेंडू आणि दोरी विकत आणणे. नाही. पहिले काम म्हणजे एक वही घेऊन यादी करणे. यादी, हिशेब, तारीख, खर्च हे मराठीतील शब्द तुमच्या ओळखीचेच आहेत. मंडळ चालते ते याच चार शब्दांवर.

यादीत प्रत्येकाच्या नावापुढे तीन गोष्टी लिहा. त्याला काय येते? त्याला काय शिकायचे आहे? तो केव्हा येऊ शकतो? तिसरा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. कोणाच्या शाळेला शुक्रवारी सुट्टी असते, कोणाच्या रविवारी. कोणी सकाळी मदरशात जातो, कोणी संध्याकाळी दुकानात बसतो. मुलींना मगरिबच्या आत घरी परतायचे असते. ही माहिती हाती नसेल, तर आपण जी वेळ ठरवू ती फक्त काही जणांच्याच सोयीची होईल. उरलेल्यांना आपण न बोलताच ‘येऊ नका’ असे सांगितल्यासारखे होईल.

यादी झाली की तुकड्या करा. २४ मुलांच्या सहा-सहा जणांच्या चार तुकड्या होतील. प्रत्येक तुकडीत मोठी आणि लहान मुले मिसळून घ्या. जिवलग मित्र सगळे एकाच तुकडीत जमू देऊ नका. आता प्रत्येक तुकडीत सहा कामे वाटून द्या. एकाने नायक व्हावे. दुसऱ्याने हजेरी घ्यावी. तिसऱ्याने साहित्य सांभाळावे. चौथ्याने हिशेब लिहावा. पाचव्याने पिण्याचे पाणी आणि प्रथमोपचाराची पेटी पाहावी. सहाव्याने त्या दिवशी काय झाले याची नोंद करावी. दर महिन्याला ही कामे बदला. सहा महिने झाले म्हणजे प्रत्येकाने सहाही कामे केलेली असतील. सर्वांत लहान मुलगासुद्धा एक महिना नायक झालेला असेल. तो चुकेल, अडखळेल. मोठ्यांनी त्याला मदत करावी, पण त्याचे काम त्याच्याकडून काढून घेऊ नये.

यानंतर कार्यक्रमांची निवड करायची. एका मोठ्या कागदावर सहा रकाने आखा आणि त्यांना नावे द्या: अंगाचे खेळ, हातांची कामे, डोळ्यांची व बुद्धीची कामे, बोलणे व रंगमंच, सेवा आणि सहल. आता प्रत्येक रकान्यात काय काय येईल, ते पाहू.

अंगाच्या खेळांसाठी महाग साहित्य लागत नाही. लगोरीला सात चपटे दगड आणि एक चेंडू पुरे. लंगडीला तर काहीच लागत नाही. खो-खोमध्ये पाठलाग करणाऱ्या संघाचे आठ गडी बसलेले असतात आणि एक धावतो. पण बसलेल्यांपैकी कोणाला केव्हा खो मिळेल याचा नेम नसतो. त्यामुळे बसलेला गडीही खेळात असतो. ज्या खेळात थोडेच जण खेळतात आणि बाकीचे नुसते पाहतात, तो खेळ महिन्यातून एकदाच ठेवा.

हातांच्या कामांत कागदाची फुले, पुस्तकांना कव्हर घालणे, सुतळीच्या गाठी, सायकलचे पंक्चर काढणे, शर्टाचे बटण लावणे ही कामे येतात. बटण लावणे मुलांनीही शिकावे आणि पंक्चर काढणे मुलींनीही शिकावे. गाठींमध्ये रीफ नॉट नावाची गाठ अवश्य शिका. ती चपटी बसते, टोचत नाही, म्हणून जखमेची पट्टी बांधताना ती उपयोगी पडते. तुमच्यापैकी कोणाचे वडील यंत्रमागावर, शिलाईच्या कामावर किंवा गॅरेजमध्ये असतील, तर त्यांना एका दिवसासाठी उस्ताद म्हणून बोलवा. आपल्या वडिलांचे काम सारे मंडळ लक्ष देऊन पाहत आहे, हे त्या मुलाला फार मोठे वाटेल.

डोळ्यांच्या कामासाठी ‘किमचा खेळ’ छान आहे. रडयार्ड किपलिंग यांच्या ‘किम’ या कादंबरीतील मुलाला सिमल्याच्या एका दुकानात असेच शिक्षण मिळते. त्यावरूनच बेडन-पॉवेल यांनी हा खेळ घेतला. एका ताटात किल्ली, बटण, खडू, बी, नाणे अशा वीस-पंचवीस लहान वस्तू ठेवा. सर्वांना एक मिनिट पाहू द्या. मग ताटावर कापड टाका आणि आठवतील तेवढ्या वस्तू लिहायला सांगा. या खेळात धावावे लागत नाही, की मोठ्याने बोलावे लागत नाही. म्हणून नेहमी गप्प बसणारे मूल पुष्कळदा यात पहिले येते.

बोलण्याच्या रकान्यात बैतबाजी घ्या. मराठीत तिच्यासारखाच एक खेळ आहे, त्याला भेंड्या म्हणतात. एक दिवस अर्ध्या मुलांनी उर्दू शेर म्हणावेत आणि अर्ध्यांनी मराठी गाणी व कविता म्हणाव्यात. शेजारच्या मराठी शाळेतील मुलांना बोलावले तर आणखीच मजा येईल. तुमची मराठी सुधारेल आणि त्यांच्या कानांवर उर्दू पडेल. लहान नाटुकली, वर्तमानपत्र मोठ्याने वाचणे, एखाद्या प्रश्नावर दोन बाजूंनी बोलणे हेही याच रकान्यात येते.

सेवेच्या रकान्यात मोठमोठी नावे लिहू नका. जेथे खेळतो ती जागा झाडणे, लहान मुलांचा गृहपाठ करून घेणे, वृद्धांची पत्रे किंवा औषधांवरील सूचना वाचून दाखवणे अशी होण्यासारखी कामे लिहा. प्रथमोपचार हीसुद्धा सेवाच आहे. हात भाजला तर वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटे धरावा. त्यावर टूथपेस्ट किंवा तूप लावू नये. नाकातून रक्त येत असेल तर डोके मागे टाकू नये; किंचित पुढे वाकून बसावे आणि नाकाचा मऊ भाग दहा मिनिटे चिमटीत धरावा. एवढे सर्वांना आले, तरी मंडळाने मोठे काम केले.

सहल म्हणजे दूरच्या गावालाच जावे असे नाही. टपाल कचेरी, छापखाना, नदीचा घाट, रोपवाटिका, जुना दरवाजा या ठिकाणी पायी जाता येते. पक्षी पाहायला तर सकाळी एक तास मिळाला तरी पुरे. प्रसिद्ध पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. लहानपणी त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी, असा त्यांना प्रश्न पडला. मामांनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले. तेथील मिलार्ड साहेबांनी तो पक्षी ओळखून दिला आणि संस्थेतील पक्ष्यांचा संग्रहही दाखवला. त्या एका भेटीने त्यांच्या आयुष्याला दिशा मिळाली. आज आपण पक्षी मारत नाही, नुसते पाहतो आणि वहीत लिहितो. पण कोणत्या मुलाला कोणत्या दिवशी कोणता प्रश्न पडेल, हे आपल्याला आधी कळत नाही. म्हणूनच रकाने सहा हवेत, एक नव्हे.

आता एका सभेची वेळ कशी वाटायची? दीड तास, म्हणजे ९० मिनिटे धरू. पहिली ५ मिनिटे हजेरीसाठी. मग २० मिनिटे धावण्याचा खेळ. दमल्यावर मुले आपोआप शांत बसतात, तेव्हा २५ मिनिटे हातांचे काम. त्यानंतर १० मिनिटे किमच्या खेळासारखा लहानसा खेळ. पुढची २० मिनिटे भेंड्या, गोष्ट किंवा नाटुकले. शेवटची १० मिनिटे आवराआवर आणि पुढच्या सभेचा विचार. खेळ ऐन रंगात असतानाच थांबवावा. म्हणजे पुढच्या वेळी मुले उत्सुकतेने येतात.

सभेची आखणी झाली, आता वर्षाची. त्यासाठी ऋतू, परीक्षा आणि सण यांचे भान हवे. पावसाळ्यात मैदानावर चिखल असतो, म्हणून छपराखालचे कार्यक्रम घ्या. सरळ बाजूंच्या, सपाट तळाच्या बाटलीचे पर्जन्यमापक बनवून रोजचा पाऊस मोजा. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर १ लिटर पाणी. मग ५० चौरस मीटरच्या छपरावर १० मिलिमीटर पाऊस पडला तर किती पाणी वाहून गेले? ५०० लिटर! हा हिशेब मुलांना घरी जाऊन सांगावासा वाटेल. नोव्हेंबरात हवा चांगली असते. २०२० सालापासून महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळला जातो; ती सहलीची वेळ. २८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिन असतो. त्या दिवशी सोपे प्रयोग करून दाखवा. परीक्षेच्या महिन्यात सभा कमी करा, पण बंद करू नका. एकत्र बसून अभ्यास करणे हाही कार्यक्रमच आहे.

रमजानचा महिना मात्र दर वर्षी पुन्हा पाहून आखावा लागतो. चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असते. त्यामुळे रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि सुमारे ३३ वर्षांत सर्व ऋतूंमधून फिरून येतो. गेल्या वर्षीचा तक्ता तसाच उतरवून घेतला तर चूक होईल. रोजे असताना धावण्याचे खेळ नकोत. तेव्हा वाचन, सुंदर अक्षर, ईदची भेटकार्डे असे शांत कार्यक्रम ठेवा.

पैशांविषयीही काळजी घ्या. वर्गणी ठेवायची असेल तर अगदी थोडी ठेवा आणि एका बंद डब्यात ज्याने त्याने गुपचूप टाकावी. कोणी दिली आणि कोणी दिली नाही, हे सर्वांसमोर वाचू नका. पाच रुपयांसाठी एखादा मित्र यायचा थांबला, तर मंडळाचे नुकसान पाच रुपयांहून पुष्कळ मोठे असते. डब्यात किती जमले आणि कशावर खर्च झाले, हे मात्र दर महिन्याला सर्वांना सांगा.

सुरक्षितताही महत्त्वाची आहे. मंडळ कोठे व केव्हा जमते, हे प्रत्येकाच्या घरी माहीत असावे. सहलीला घरच्यांची लेखी परवानगी घ्या आणि परतण्याची वेळ त्या कागदावर लिहा. बरोबर दोन मोठी माणसे असावीत. मुली असतील तर एखाद्या आपा किंवा खालाजान यांना बरोबर येण्याची विनंती करा. निघताना आणि परतताना डोकी मोजा. नदीवर किंवा तलावावर गेलात तर पाण्यात उतरू नका.

आता तक्ता तयार झाला. तो भिंतीवर लावण्याआधी एक परीक्षा करा. यादीतून तीन नावे घ्या: सर्वांत लहान मुलाचे, ज्याला धावता येत नाही त्याचे आणि जो दुकानातून उशिरा येतो त्याचे. या तिघांपैकी एकेकाच्या नजरेने महिन्याचा तक्ता वाचा. त्याला करण्यासारखे त्यात काय आहे? उत्तर ‘काहीच नाही’ असे आले, तर तक्ता कितीही सुंदर दिसत असला तरी तो बदला. उशिरा येणाऱ्यासाठी गोष्ट शेवटी ठेवा. धावू न शकणाऱ्याला पंच करून दर वेळी बाजूला बसवू नका. किमचा खेळ, गाठी, नाटुकले यांत त्याला खरोखर भाग घेता येईल असे पाहा.

दर सभेच्या शेवटी तीन प्रश्न विचारा. आज काय आवडले? आज कोणाची पाळी आली नाही? आज कोण आले नाही? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर वहीत लिहा. एखादे नाव दोनदा लागोपाठ आले, तर त्याच्या तुकडीतील एकाने त्याच्या घरी जावे आणि ‘का आला नाहीस?’ असे दरडावून न विचारता ‘पुढच्या वेळी काय ठेवू या?’ असे विचारावे.

मुलांनो, आज घरी गेल्यावर वहीचे एक कोरे पान घ्या. त्यावर तुमच्या गल्लीतील मुला-मुलींची नावे लिहा. जी मुले पूर्वी तुमच्याबरोबर खेळत होती आणि आता येत नाहीत, त्यांची नावे सर्वांत वर लिहा. तुमच्या मंडळाचा नवा कार्यक्रम त्याच नावांपासून आखायला घ्या.